मुलगा खरा आहे कशावरून?

रविवारी सकाळी अकरा वाजता नौपाड्यातल्या टिपणिसांच्या घरी मुलगा बघण्याचा कार्यक्रम होता आणि मुलगा येणार नव्हता. तो नोकरीनिमित्त हैदराबादला, त्याचे आईवडील डोंबिवलीजवळ कोपरला, म्हणून भेट फोनच्या पडद्यावर ठरली होती. तरीही सरोजताईंनी अर्धा किलो पोहे भिजवले होते.

"पडद्यातून कोण खाणार आहे?" सुधीररावांनी विचारलं.

"पोह्यांशिवाय बघण्याचा कार्यक्रम होतो का?" असं म्हणून सरोजताईंनी त्यावर खोबरं पेरलं आणि फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला.

फोनशेजारी सुधीररावांची वही उघडी होती. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षं पंपांचे व्हॉल्व्ह तपासून पास-नापास करण्याचं काम केलं होतं. निवृत्तीनंतर व्हॉल्व्ह सुटले, तपासणी सुटली नाही. भेंडीचं टोक मोडल्याशिवाय ती पिशवीत जात नसे आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पोटात जात नसे. त्यातच गेल्या महिन्यात ज्येष्ठ नागरिक संघात एका तरुण इंजिनिअरचं व्याख्यान झालं. कृत्रिम बुद्धिमत्ता हल्ली कुणाचाही चेहरा आणि आवाज हुबेहूब तयार करते, व्हिडिओ कॉलवर दिसणारा माणूस मुळात अस्तित्वातच नसेल, असं तो म्हणाला. बाकीचे सभासद वेफर्स खाऊन घरी गेले. सुधीरराव वही भरून घरी आले.

तेव्हापासून त्यांनी कुणाचा फोन सरळ घेतला नव्हता. पुण्याच्या सख्ख्या बहिणीलाही "तूच माझी बहीण असशील तर मी चौथीत कुठल्या विषयात नापास झालो ते सांग," असं विचारलं होतं. तिने तीन विषय सांगितले आणि त्यानंतर पुन्हा फोन केला नाही.

प्रश्न आज मुलीचा, ऋजुताचा होता. एकतीस वर्षांची ऋजुता दातांची डॉक्टर होती, तिचा दवाखाना घरापासून पाच मिनिटांवर. आजवर आलेली एकवीस स्थळं सुधीररावांनी नापास केली होती. एकाची सही डावीकडे झुकलेली होती, एकाने दोन वर्षांत तीन फोन नंबर बदलले होते, आणि एकात काहीच दोष सापडला नाही म्हणून त्याचाच संशय आला होता. ऋजुताने कधी हूं की चूं केलं नाही. हे बाविसावं स्थळ मात्र वाचून ती आपणहून म्हणाली होती, "हे बरं वाटतंय." त्या तीन शब्दांचं वजन सरोजताईंना ठाऊक होतं.

"आज हे मोडलंत ना," त्या पोह्यांचा डाव हातात धरून म्हणाल्या, "तर याद राखा."

"मी मोडत नाही. मी तपासतो."

बरोबर अकराला पडद्यावर दोन चौकोन उमटले. एकात कोपरचे त्र्यंबकराव कर्णिक आणि त्यांच्या पत्नी शकूताई, दुसऱ्यात मुलगा साकेत. साकेतच्या मागे पुस्तकांनी भरलेलं सुंदर कपाट होतं.

"नमस्कार काका," साकेत म्हणाला.

"नमस्कार. जरा डावा कान दाखवता?"

साकेतने निमूटपणे मान वळवून कान दाखवला. सुधीररावांनी वहीत खूण केली.

"आता उजवा. छान. आता हात चेहऱ्यासमोरून हळूहळू फिरवा."

"अहो, काय चाललंय?" शकूताई म्हणाल्या. "त्याला स्वतःलाच ओवाळायला लावताय का?"

साकेतने हात फिरवला आणि सुधीरराव खुर्चीतून अर्धे उठले. हात पुस्तकांच्या कपाटापर्यंत गेला तशी त्याची दोन बोटं चक्क नाहीशी झाली, मग कोपर गेलं, मग कोपर आलं आणि खांदा गेला.

"पाहिलंस?" ते सरोजताईंच्या कानात पुटपुटले. "पाचाची तीन झाली. माणूसच नाहीये हा."

"काका, ते बॅकग्राउंडमुळे होतंय. कपाट खोटं आहे."

"खोटं आहे? आणि ते तुम्ही आत्ता सांगताय?"

"म्हणजे, मागे जरा पसारा होता म्हणून लावलेलं."

"काढा ते."

"काका, नको. खरंच नको."

नको म्हटल्यावर सुधीररावांचा संशय दुप्पट झाला. त्यांनी इतका आग्रह धरला की शेवटी साकेतने डोळे मिटून बटण दाबलं. कपाट गेलं. त्याजागी दोरीवर वाळत घातलेल्या सात चड्ड्या आणि टॉवेल गुंडाळून दात घासणारा त्याचा रूममेट प्रकट झाला. रूममेटने सर्वांना ब्रशनेच नमस्कार केला. शकूताईंनी कपाळावर हात मारून घेतला.

एवढं खरंखुरं दृश्य पाहून कुणाचंही समाधान झालं असतं. सुधीररावांनी पान उलटलं.

"आता दात दाखवा. यंत्राला दात जमत नाहीत, असं व्याख्यानात सांगितलंय."

"बैलबाजार आहे का हा?" शकूताई आता भडकल्या होत्या. पण साकेतला हसू यायला लागलं होतं. त्याने दोन बोटांनी ओठ फाकवून कॅमेऱ्याला दात दाखवले, आणि इतका वेळ खाली मान घालून बसलेल्या ऋजुताने पहिल्यांदा वर पाहिलं. मग फोन हातात घेऊन अगदी जवळून पाहिलं.

"बाबा, खरा आहे हा."

"कशावरून?"

"खालचा सुळा वाकडा आहे आणि मागे किती किटण साठलंय बघा. नकली माणूस बनवणारा दात तरी चांगले देईल ना?"

"एवढे वाईट आहेत?" साकेतने तोंडातली बोटं न काढता विचारलं.

"खूपच. क्लीनिंग शेवटचं कधी केलेलंत?"

"बारावीत."

ऋजुताने मान हलवली, पण ती मान नाराजीने हलवलेली नव्हती. सरोजताईंनी ते टिपलं आणि देवाचं नाव घेतलं. सुधीररावांना मात्र मुलीचा पुरावा पटला नाही. त्यांनी साकेतला कोपर स्टेशनातल्या वरच्या फलाटावर कुठली गाडी येते ते विचारलं. "दिवा-वसई," तो क्षणात म्हणाला. एवढ्या पटकन उत्तर देणं माणसाचं काम नाही, असं सुधीररावांनी वहीत लिहिलं. मग रोज सकाळी नाश्त्याला काय करता, हे विचारलं. तो जरा विचारात पडला, तेव्हा "माहिती शोधतोय" असं लिहिलं.

इतका वेळ त्र्यंबकराव कर्णिक एक अक्षर बोलले नव्हते. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेला हा माणूस, पोराने पेपर पूर्ण लिहीपर्यंत थांबायची त्याला सवय होती. आता त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"झालं तुमचं, टिपणीस? हातबीत फिरवायला लावणं ही जुनी पद्धत झाली. नव्या तंत्राला ते सहज जमतं. तुमचं व्याख्यान दोन वर्षं मागे आहे. आता मी विचारू?"

"विचारा की," सुधीरराव म्हणाले, पण व्याख्यानाचा अपमान त्यांना झोंबला होता.

"आम्हाला मुलीचा जो फोटो पाठवलात, तो मी मोठा करून पाहिला. त्यात मुलीच्या उजव्या हाताला सहा बोटं आहेत. जरा मुलीचा उजवा हात दाखवता?"

ऋजुताने गोंधळून हात वर केला. त्र्यंबकरावांनी एक एक बोट मोजलं.

"पाचच भरतात," ते गंभीरपणे म्हणाले. "एक कमी आहे."

सुधीररावांनी सरोजताईंकडे पाहिलं. सरोजताई पोह्यांकडे पाहत होत्या.

"सरोज, फोटो कुणी काढला?"

"काढला नाही. म्हणजे काढलेलाच होता, दवाखान्यातला. पांढऱ्या कोटात कसा पाठवायचा? शेजारच्या वल्लरीने तिच्या फोनला सांगितलं, हिला पैठणी नेसव. मी फक्त पैठणी मागितली होती. बोट त्याने आपणहून दिलं."

"आई!" ऋजुता ओरडली.

"म्हणजे फोटो बनावट आहे," त्र्यंबकराव म्हणाले. "आणि तुम्ही आमच्या पोराचे कान तपासत होतात. आता समोर बसलेली मुलगी तरी खरी कशावरून? आजचं वर्तमानपत्र हातात घेऊन बसायला सांगा तिला."

"माझी मुलगी काय ओलीस ठेवलीय का?" सुधीरराव कडाडले.

"माझ्या मुलाला दात काढून दाखवायला लावलेत तेव्हा?"

पुढे काय झालं ते नीट ऐकूच आलं नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. मग एक चौकोन विझला आणि त्यामागोमाग दुसराही. टेबलावर अर्धा किलो पोहे तसेच राहिले.

ऋजुता त्यानंतर भांडली नाही, रडली नाही. तिने फक्त वडिलांशी बोलणं "हो" आणि "नाही" एवढ्यावर आणलं. सोमवारी हो तीन वेळा झालं, बुधवारी एकदाच. मुलीच्या या थंडपणाने सुधीरराव आतून हलले. ते संशयी होते, निर्दय नव्हते. शुक्रवारी ते सरोजताईंना म्हणाले, "मला ते स्थळ मोडायचं नाहीये गं. पण उद्या काही खोटं निघालं तर पोरीचं आयुष्य जाईल. प्रत्यक्ष डोळ्यांनी बघितलं की मी स्वतः पासचा शिक्का मारीन."

"मग बघा जाऊन," सरोजताई म्हणाल्या. त्यांना वाटलं, हे फोन करून रीतसर जातील.

सुधीररावांच्या कारखान्यात सांगून केलेली तपासणी ही तपासणीच मानत नसत. शनिवारी सकाळी ऋजुता दवाखान्यात गेली. पाठोपाठ सुधीरराव ओळखू येऊ नये म्हणून चष्मा काढून, डोक्यावर टोपी घालून आणि बगलेत वही मारून निघाले. कोपरला उतरून त्यांनी आधी इमारतीला एक फेरी मारली. खालच्या वाण्याला "कर्णिक इथे खरंच राहतात का?" विचारलं. "तीस वर्षं राहतात, काय झालंय?" असं वाण्यानेच संशयाने विचारल्यावर ते घाईघाईने जिना चढले. चष्मा नसल्यामुळे आधी चुकीची बेल वाजवली, मग बरोबर.

शकूताईंनी दार उघडलं.

"जनगणना," सुधीरराव भारदस्त आवाजात म्हणाले. "घरात माणसं किती?"

शकूताईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आत या, टिपणीस. आणि चष्मा घाला आधी, उंबरठ्यात पडाल."

सुधीररावांनी खिशातून चष्मा काढला आणि मान खाली घालून आत गेले. घर खरं होतं. भिंतीवर साकेतचा पहिलीतला फोटो होता, त्यात तो वाकडा सुळा नव्हता, पण तिथले दातच पडलेले होते. शेल्फवर त्याच्या नावाची तीन बक्षिसं, दारामागे त्याची जुनी छत्री. सुधीररावांनी छत्री उघडूनही पाहिली. एवढ्या जुन्या छत्रीचा पुरावा कुठल्याही यंत्राला तयार करता येणार नाही, याबद्दल त्यांची खात्री पटली आणि त्यांना फार लाज वाटली.

"वहिनी, माफ करा. कर्णिक कुठे आहेत? त्यांचीही माफी मागतो."

"ते सकाळीच बाहेर पडलेत," शकूताई चहा ओतत म्हणाल्या. "कुठे ते सांगितलं नाही. पान्हा मात्र घेऊन गेलेत."

तेवढ्यात सुधीररावांचा फोन वाजला. सरोजताईंचा होता.

"अहो, कुठे आहात? कर्णिक आलेत आपल्याकडे."

"कर्णिक?"

"हळू बोला. पाइपचा गॅस तपासायला आलोय म्हणाले. मी दारातच ओळखलं, पण एवढा मोठा माणूस, मान ठेवायला नको का? शेगडी दाखवली. गेली पंधरा मिनिटं ओट्याखाली वाकून बसलेत आणि भिंतीवरचे ऋजुताचे फोटो मोजतायत."

सुधीररावांनी फोनचा कॅमेरा सुरू केला. तिकडून सरोजताईंनीही केला. नौपाड्याच्या ओट्याखालून त्र्यंबकराव कर्णिक, हातात पान्हा, केसांना जळमटं अशा अवस्थेत वर आले आणि त्यांना पडद्यावर स्वतःच्याच घरात स्वतःच्याच कपातून चहा पिणारे सुधीरराव टिपणीस दिसले.

"तुम्ही माझ्या घरात?"

"तुम्ही माझ्या ओट्याखाली?"

मग त्र्यंबकराव सावकाश स्टुलावर बसले.

"टिपणीस, तुमच्या घरात मुलीचे बालवाडीपासूनचे फोटो आहेत. सगळ्यांत पाच बोटं."

"कर्णिक, तुमच्या मुलाची छत्री मी पाहिली."

"मग आता?"

"माझ्याकडून पास," असं सुधीरराव म्हणणारच होते. आयुष्यात हा शब्द त्यांनी इतक्या मनापासून कधी वापरला नव्हता. पण तेवढ्यात दोन्ही घरांतल्या सगळ्या फोनांवर एकदम एक संदेश येऊन पडला. ऋजुताचा होता. सोबत व्हिडिओ.

व्हिडिओत दवाखान्यातली खुर्ची होती. खुर्चीत गळ्याला निळा कागद बांधलेला साकेत कर्णिक आणि शेजारी पांढऱ्या कोटात ऋजुता. "आईबाबा, काकाकाकू," ती म्हणत होती, "हा सकाळी हैदराबादहून आला आणि नंबर लावून बसला. आमचं ठरलंय. तुम्ही तपासत बसा." आणि ती हसत सुटली. साकेतही हसला. व्हिडिओ नऊ सेकंदांचा होता.

सुधीररावांनी तो पाहिला, परत पाहिला, आणि त्यांचा चेहरा काळवंडला.

"बनावट आहे," ते म्हणाले.

"मलाही तेच वाटतंय," नौपाड्यातून त्र्यंबकराव म्हणाले. "साकेत हैदराबादला आहे. काल रात्रीच बोललो मी त्याच्याशी. चेहऱ्याच्या रंगात नाडीचे ठोके उमटतात, ते तपासायला हवेत."

"पण आता नकली चेहऱ्यातसुद्धा ठोके सापडतात म्हणे."

"त्यावर संशोधकांत वाद आहे."

"आणि दात बघा त्याचे. लखलखीत! रविवारी कसे होते?"

"अहो, दवाखान्यात बसलाय तो," शकूताई म्हणाल्या. "दात लखलखीत नाही होणार तर काय होणार?"

"ते जाऊ द्या वहिनी. ऋजुताकडे बघा. ऋजुताच नाही ही. जन्मल्यापासून ओळखतो मी तिला. चेहरा तिचा घेतलाय, पण हसणं दुसऱ्याच कुणाचं तरी लावलंय. माझी मुलगी अशी हसतच नाही."

नौपाड्याच्या बाजूला सरोजताईंनी फोन तोंडाजवळ धरला.

"हसते," त्या म्हणाल्या. "मैत्रिणींत हसते. मावशीकडे हसते. तुमच्यासमोर हसायला तिला कधी जमलं नाही एवढंच. तुम्ही कायम काहीतरी तपासत असता."

त्र्यंबकरावांनी पान्हा ओट्यावर ठेवला. शकूताई कपबशा उचलून आत गेल्या. सुधीररावांनी वही मिटली, आणि व्हिडिओ आणखी एकदा लावला. कान पाहिले नाहीत, बोटं मोजली नाहीत. नुसतं बघत राहिले. मुलीचं हसणं फार छान होतं आणि ते एकतीस वर्षांत आपल्याला माहीत नव्हतं, याचं त्यांना इतकं वाईट वाटलं की त्यांनी चष्मा काढून बाजूला ठेवला. मग सरोजताईंचा फोन बंद केला आणि ऋजुताला लावला.

"हॅलो," ती म्हणाली. आवाज सावध होता.

"ऋजुता, बाळा, मला मुलगा पसंत आहे."

सुधीरराव एका दमात पुढे म्हणाले,

"एकदम पसंत आहे. काही विचारायचं नाही, काही बघायचं नाही. तुला आवडला ना? मग झालं. तू आनंदात राहा."

मग ऋजुताने अगदी हळू, शब्द तोलून विचारलं, "कोण बोलतंय?"

"अगं मी. बाबा!"

"नाही. माझे बाबा असं बोलत नाहीत. त्यांना आजवर काहीच पसंत पडलेलं नाहीये. नंबर त्यांचा दिसतोय, आवाजही तसाच काढलात, पण हे दोन्ही हल्ली बनवता येतं, हे त्यांनीच शिकवलंय मला. खरं सांगा, कोण आहात तुम्ही? माझ्या बाबांचा फोन तुमच्याकडे कसा आला?"

सुधीररावांनी तोंड उघडलं. आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला काय सांगावं, ते त्यांना सुचेना. चौतीस वर्षं दुसऱ्यांकडून पुरावे मागितले, स्वतःजवळ एकही ठेवला नव्हता. मागून साकेतचा आवाज आला, "पोलिसांना लावू का?"

सुधीरराव फोन हातात घेऊन घाईघाईने स्वयंपाकघराच्या दारात गेले.

"वहिनी," ते शकूताईंना म्हणाले, "जरा सांगता का तिला, मीच आहे म्हणून?"